हात कापतो म्हणजे पितोच असं नाही

चुलीपुढे बसून, गोठ्यात धार काढताना, नाहीतर बांधावर मोबाईल ठेवून भांगलता भांगलता आपला रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताया, मावश्या आणि आज्यांना आमच्या गटांचा नमस्कार.

दारूवर आपण बायका पुष्कळ बोललो आहोत. मोर्चे काढले, गुत्त्यावरचे कॅन रस्त्यावर ओतले, ग्रामसभेत ठराव घेतले. कितीतरी गावांत बायकांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दुकानं बंद केली. दारू सुटावी म्हणून काय काय करतात, हे कुणी विचारलं तर दहा जणी दहा गोष्टी सांगतील. पण दारू सुटल्यावर घरात काय होतं, यावर आपण फार बोलत नाही. माळ घातली, शपथ घेतली, दवाखान्यातून परत आला, की आपल्या लेखी गोष्ट संपली. घरातल्या बाईला विचारा, ती कुठे संपलेली असते! आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. दारू सुटल्यावरही हात कापत राहतो, त्याबद्दल.

आमच्या एका गटाच्या बैठकीत गाईसाठी कर्जाची मागणी आली. रक्कम चाळीस हजार. मागणाऱ्या ताईंच्या मालकांनी दारू सोडून चार महिने झाले होते, सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी एक जण उठली आणि म्हणाली, "मी काल डेअरीत बघितलं. कॅन उचलताना त्यांचा हात लटलट कापत होता. सुटली असती तर हात कापला असता का?" बैठक एकदम गप्प झाली. त्या ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मलाबी हाच प्रश्न पडतोय. रोज रात्री तोंडाचा वास बघते. वास येत नाही. मग हात का कापतोय?"

प्रश्न दोघींचाही खरा होता. आणि त्याचं उत्तर बैठकीत बसलेल्या आम्हां बारा जणींपैकी कुणाकडेच नव्हतं. उमेदच्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. ते भिंतीवर लिहिण्यापुरतं ठेवायचं नाही असं ठरवून आम्ही दोघी-तिघी त्या जोडप्याबरोबर आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे जे समजलं, आणि त्यानंतर वर्षभर आमच्या गटांतल्या घरांमध्ये जे बघितलं, ते आज सांगतो.

आधी हात कापतो कशानं, ते बघू. दारू मेंदूला मंद करते, दाबून धरते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाविरुद्ध उलटा जोर लावायला शिकतो. चढावर भरलेली गाडी ओढणारे बैल असतात ना, तसा. आता त्या बैलांच्या मागचं ओझं एकदम सुटलं तर काय होईल? बैल पुढे धडपडतील. दारू थांबते तेव्हा मेंदूचं तसंच होतं. दाब गेला, पण जोर लावायची सवय राहिली. मग छाती धडधडते, घाम येतो, झोप उडते, आणि हात कापतो.

शेवटच्या पिण्यानंतर सहा ते आठ तासांत हे सुरू होतं. म्हणून तर सकाळी उठल्या उठल्या हात कापणारा माणूस आपल्याला ओळखू येतो. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत कठीण. बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत बरंच निवळतं. पण काहींचा हात बारीक बारीक कापणं पुढे कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत काही महिने राहतं. माणूस थेंबभरही पीत नसतो, तरी राहतं. दमला, उपाशी राहिला, रात्री झोप झाली नाही की वाढतं. आणि सगळ्यांत जास्त कधी वाढतं सांगू? चार लोक त्या हाताकडे बघायला लागले की.

इथे त्या पहिल्या दिवसांबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण त्यात जीव जातो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नका. आपल्याकडे खोलीत कोंडून घालतात, 'चार दिवस तडफडेल आणि सुटेल' म्हणतात. त्या चार दिवसांत फिट येऊ शकते. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, माणूस बरळायला लागतो. गावात म्हणतात बाहेरचं झालंय. बाहेरचं काही नसतं, ते दारू अचानक तुटल्याचं असतं आणि त्याला दवाखानाच लागतो. फिट आली, बरळणं सुरू झालं की 108 ला फोन करून गाडी बोलवायची. अंगारा नंतर लावा हवं तर. सोडायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून सोडावी. ते काही दिवस गोळ्या देतात आणि हळूहळू कमी करत बंद करतात. त्या गोळ्या शेजारच्याला लागू पडल्या म्हणून आपण मेडिकलमधून आणायच्या नाहीत, आणि चालू असलेल्या आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. त्या एकदम बंद केल्या तरी हात कापतो.

आणखी एक. 'न सांगता भाजीत घाला, दारू सुटेल' अशी पावडर बाजारात मिळते. तिच्यात काय असतं कुणाला माहीत! डॉक्टर देतात ती दारूविरोधी गोळीसुद्धा माणसाला नकळत द्यायची नसते. तिच्यावर तो प्यायला तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवावर बेततं. ती गोळी माणसाला माहीत असताना, त्याच्या मर्जीनेच चालते.

आता राहिलेल्या थरथरीकडे वळू. डॉक्टरांनी ताईंच्या मालकांना काय काय करायला लावलं ते ऐका. दोन्ही हात पुढे करून बोटं पसरायला सांगितली. मग आपल्या नाकाला बोट लावायचं, ते डॉक्टरांच्या बोटाला लावायचं, परत नाकाला. पावलाला पाऊल जोडून सरळ रेषेत चालायचं. आणि शेवटी कागद-पेन दिलं आणि म्हणाले, "जिलेबी काढा." म्हणजे मधून सुरू करून बाहेर बाहेर गोल रेघ काढत जायची. मालक हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले, असं ताई म्हणतात. जिलेबीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या आल्या. डॉक्टरांनी खाली तारीख घातली आणि सांगितलं, दर रविवारी सकाळी चहाच्या आधी अशीच एक काढायची आणि कागद जपून ठेवायचे.

हे आम्हाला फार आवडलं. 'कमी झालंय का?' असं रोज विचारून काही कळत नाही. बायकोला वाटतं वाढलंय, नवऱ्याला वाटतं कमी झालंय, सासूला वाटतं तो खोटं बोलतोय. कागद खोटं बोलत नाही. त्या ताईंनी कर्जखात्याच्या वहीच्या मागच्या पानांवर जिलेब्या काढून घेतल्या. पहिल्या पाच-सहा जवळजवळ सारख्याच आहेत. सातवीपासून दात बोथट व्हायला लागले. मध्ये एक परत खराब आलेली आहे. ती त्यांची आई गेली त्या आठवड्यातली.

सगळ्यांचा हात एकाच कारणाने कापत नाही. ओळखण्याचं काम डॉक्टरांचं, पण बघण्याचं काम घरातल्या बाईइतकं चांगलं कुणी करू शकत नाही. सरकारी दवाखान्यात गर्दी असते, आपल्या वाट्याला दोन मिनिटं येतात. त्या दोन मिनिटांत 'हात कापतो' एवढंच सांगून आलो तर गोळी घेऊन येऊ, कारण घेऊन येणार नाही. म्हणून घरी नीट बघून जायचं. हात मांडीवर नुसता ठेवला असताना कापतो, की पेला धरल्यावर? की घास तोंडाजवळ जाईल तसा जास्त कापतो? एकच हात कापतो की दोन्ही? चालताना पाय फाकून पडतात का, झोक जातो का?

घास तोंडाजवळ नेताना कंप वाढत असेल आणि चालही बिघडली असेल, तर दारूने लहान मेंदूला मार बसलेला असू शकतो. पिणं कायमचं बंद ठेवलं तर तो काही जणांत हळूहळू सुधारतो, काहींत थोडा राहून जातो. हात नुसता मांडीवर असताना कापतो, एका बाजूनेच सुरू झालाय, आणि कामाला लावला की थांबतो, असं असेल तर तो कंपवात असू शकतो, त्याचे उपचार निराळे. वजन उतरतंय, छाती धडधडते, गरम होतं, असं असेल तर थायरॉईड तपासतात. साखर तपासतात, लिव्हर तपासतात. दम्याचा पंप किंवा गोळ्या, फिटची काही औषधं, मानसिक आजारावरची काही औषधं यांनीही हात कापतो. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यायची. नावं पाठ करायची गरज नाही.

आणि घरात आणखी कुणाचा हात कापतो का, हेही विचारायचं. आमच्या शेजारच्या गावातल्या गटातलं एक उदाहरण आहे. पंचावन्न-साठीचे काका. दारू सोडून वर्ष होऊन गेलं, तरी हात थांबेना. चहाचा पेला धरला की कापायचा, मांडीवर हात ठेवला की शांत. गाव म्हणायचं, चोरून पितो. डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांचा हात कापायचा का?" काकू म्हणाल्या, "मामंजींचा कापायचा की! पण ते तर माळकरी होते, त्यांनी दारूला कधी हात लावला नाही." तेव्हा गाठ सुटली. काही घराण्यांत असा कंप चालत येतो. त्याची गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, दारूचा घोट घेतला की तो पुष्कळांत थोडा वेळ थांबतो. काका तरुणपणी लग्नाकार्यात पंगतीला वाढायला जायचे, हात कापतो म्हणून लोक हसायचे, तेव्हा कुणीतरी म्हणालं, 'थोडी घे, हात थिर होईल'. झाला. आणि मग चाळीस वर्षं त्याचीच सवय. म्हणजे हात आधी कापत होता, दारू नंतर आली. या कंपावर औषधं आहेत. पण त्यातली काही दम्याच्या माणसाला चालत नाहीत, म्हणून तीही विचारूनच घ्यायची.

घोट घेतला की हात थांबतो, हे सोडलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. खरा धोका तोच आहे. लोक म्हणतात 'मोह आवरत नाही', पण कित्येकदा माणूस नशेसाठी परत पीत नाही, हात थांबावा म्हणून पितो. उद्या बँकेत सही करायची आहे, पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत, चारचौघांत कप धरायचा आहे. फक्त आजच्यापुरती, फक्त एक क्वार्टर. दारूच्या दाबाने हात थांबतो आणि दाब उतरला की मेंदू परत धडपडतो. मग पुन्हा सगळं पहिल्या दिवसापासून. म्हणून ज्या दिवशी चारचौघांत जायचं असेल तो दिवस घरच्यांनी आधी ओळखावा. तो दिवस सोपा कसा करता येईल हे बघावं.

ते कसं, ते सांगतो. कपबशी बंद. बशी वाजते, आणि बशी वाजली की घरातली पोरंसुद्धा बघतात. एका घरात तर धाकटा 'पप्पांची बशी नाचतीया' म्हणून टाळ्या वाजवायचा. जड बुडाचा स्टीलचा पेला घ्यावा, अर्धाच भरावा, आणि पाहुण्यांसमोर सगळ्यांनाच तसा द्यावा, एकट्याला नको. दोन्ही हातांनी धरावा. कोपरं टेबलावर, गुडघ्यावर, नाहीतर पोटाशी टेकवावीत. कोपर टेकलं की हाताला आधार येतो आणि कंप बराच कमी होतो. जेवताना ताट पाटावर उंच घ्यावं म्हणजे घासाचं अंतर कमी होतं. डाळ-आमटी वाटीत न घेता भाकरी चुरून घ्यावी. दाढी न्हाव्याकडे करावी, घरी ब्लेड नको. लिहायचं असेल तर जाड पेन, नाहीतर पेनाला सुतळी किंवा सायकलची ट्यूब गुंडाळावी. शर्टाची बटणं जमत नसतील तर नेहरू शर्ट घालावा, आपल्याकडे तो काही परका नाही.

कामाचं मात्र सांभाळून. कडबाकुट्टीत वैरण सारायला त्याला बसवू नका. ऊस तोडायचा कोयता, मोटारीचा स्टार्टर, फवारणीचं औषध मोजणं, विहिरीच्या काठावरचं काम, मोटारसायकल, हे हात थिर होईपर्यंत दुसऱ्याने करावं. पण म्हणून माणसाला ओसरीवर बसवून ठेवू नका. रिकामा हात जास्त कापतो असं आमचं बघणं आहे, आणि रिकामा माणूस गुत्त्याकडे लवकर वळतो हे तर तुम्हालाही माहीत आहे. आमच्या ताईंच्या मालकांना धार काढायला छान जमतं. कोपरं मांडीवर टेकलेली असतात आणि मुठीत जोर असतो. शेण काढणं, वैरण टाकणं, बैल धुणं, पाणी देणं, यात काही अडत नाही.

खाण्याचं सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं पोट खाली आणि ग्लास भरलेला असतो. त्याच्या शरीरात ब-1 नावाचं जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं, आणि नसांना, मेंदूला ते लागतंच. डॉक्टर त्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देतात. गावात अशक्तपणा आला की आपण लगेच ग्लुकोजचं सलाईन लावायला सांगतो. पिणाऱ्या माणसाला ते लावण्याआधी ब-1 द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर कुणीही असोत, 'हा माणूस रोज दारू पीत होता' हे त्यांना स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. डोळे लकलक हलतायत, एकाचे दोन दिसतायत, चालताना तोल जातोय आणि माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, तर त्याच दिवशी दवाखाना. गोळ्या चालू असल्या तरी ताटात बाजरी-ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, हरभरा, डाळी, शेंगदाणे रोज असू द्या. वेळेवर जेवण द्या. उपाशीपोटी साखर उतरली तरी हात कापतो.

दारू सुटली की चहा वाढतो, हे घरोघरी दिसतं. दोनाचे आठ कप होतात आणि बायका म्हणतात, पिऊ दे बाई, दारू तर नाही ना. बरोबर आहे, पण चहाने थरथर वाढते. एकदम तोडू नका, कमी करत दोन-तीनवर आणा. बिडी आणि तंबाखूनेही वाढते. मिश्रीनेही. मिश्री म्हटलं की आपल्यापैकी कितीजणी गप्प झाल्या असतील ते आम्हाला इथे बसून कळतंय!

मिश्रीवरून आठवलं. आत्तापर्यंत आपण मालक, काका असंच बोलत आलो. बायकाही पितात, मैत्रिणींनो. वीटभट्टीवर, ऊसतोडीला, अंगदुखीवर औषध म्हणून सुरू होते आणि मग राहते. आमच्या एका गटाच्या सचिव ताईंनी गावठी सोडून सात महिने झाले. पुरुष सुटला की त्याचा सत्कार होतो. बाई सुटली तर तिने पीत होते हेच कुणाला सांगायचं नसतं. त्या बैठकीत हात पदराखाली घेऊन बसायच्या. एकदा गटाचे पैसे काढायला गेलो तर सही जुळत नाही म्हणून बँकेतून स्लिप परत आली. रांगेत मागे ओळखीचे लोक. त्या दिवशी त्या घरी जाऊन पुन्हा पिणार होत्या, असं त्यांनीच आम्हाला नंतर सांगितलं. काम साधं होतं. गटाचा ठराव घेतला, बँकेत अर्ज देऊन नमुना सही नव्याने केली. ज्याला सहीच करता येत नाही त्याला साक्षीदारासमोर अंगठ्याचीही सोय असते. सचिवपद त्यांच्याकडेच राहिलं. हिशेब चोख आहे त्यांचा. नवी सही थोडी वाकडी आहे, पण दर वेळी तशीच वाकडी येते, आणि बँकेला तेवढंच लागतं.

आता घरातल्या बोलण्याबद्दल. रात्री तोंडाचा वास बघणं हे ज्या बाईने सोसलंय ती का करते ते आम्हाला कळतं. तिला कुणी 'विश्वास ठेव' असं सांगू नये. वीस वर्षांत तिने किती शपथा ऐकल्या आहेत! आम्ही एवढंच म्हणतो की हाताच्या थरथरीवरून आरोप करू नका. तो पुरावा नाही. 'हात बघ तुझा, प्यायलास ना?' असं न प्यालेल्या माणसाला रोज म्हटलं की एक दिवस तो म्हणतो, नाहीतरी कुणाला पटत नाही, मग पितोच. विचारायचंच असेल तर साधं विचारावं, "आज हाताला जास्त त्रास होतोय का? जेवलात का?" आणि जर तो खरोखर परत प्यायला, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. पुन्हा पिणं या आजारात पुष्कळांचं होतं, उपचार पुन्हा सुरू करता येतात. मात्र तो पितो ते तुमच्या बोलण्यामुळे, हे कुणी तुमच्या गळ्यात मारलं तर घेऊ नका. आणि दारू सुटूनही मारहाण सुटली नसेल, तर तो दारूचा प्रश्न उरलेला नाही. त्यासाठी महिलांची हेल्पलाईन 181 आणि पोलिसांची 112 आहे.

थरथरीतली कोणती गोष्ट वाट बघण्यासारखी नाही, तेही सांगून ठेवतो. दिवसेंदिवस वाढत असेल तर. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, दिवसा झोपेत असल्यासारखा, आणि हात पुढे केल्यावर पंजा पाखराच्या पंखासारखा खाली पडतो, पुन्हा उचलतो, तर ते लिव्हरचं असतं. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर क्षणभर थांबायचं नाही. या सगळ्यांना 108.

बाकीच्यांना घाई नाही, पण दाखवणं आहे. ग्रामीण रुग्णालयात विचारा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 'मानसोपचार' हा शब्द ऐकून मालक रुसले तर सांगा, हाताचे डॉक्टर आहेत. अगदी खोटंही नाही ते. घरातून बोलायचं असेल तर टेलिमानसचा नंबर 14416 आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा वेगळा नंबर आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं, ते पुष्कळांनी ऐकलेलं असेल. तिथेच जायला हवं असं नाही, पण दारू हा आजार आहे आणि त्यात घरच्यांनाही बोलावून समजावतात, हे तिथून पुष्कळ लोकांपर्यंत पोचलं.

त्या कर्जाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या बैठकीत विषय परत घेतला. ज्या ताईंनी आक्षेप घेतला होता, त्यांनीच सुचवलं की हात बघायला नको, वही बघू. वही बघितली. चार महिन्यांत त्या घराची बचत एकदाही चुकलेली नव्हती, आधीच्या लहान कर्जाचा हप्ता वेळेत होता आणि डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी ताईंच्या खात्यावर येत होतं. कर्ज मंजूर झालं, गाय ताईंच्या नावावर घेतली, आणि बिल त्यांच्याच खात्यावर यायचं हीही अट ठरावात लिहिली. आता एवढे हप्ते गेले, एकही थकलेला नाही. मालकांचा उजवा हात संध्याकाळी दमल्यावर अजून थोडा कापतो. डेअरीत कॅन ते दोन्ही हातांनी ठेवतात आणि कुणी बघत असेल तरी बघू देतात.

तुमच्या गटात असं कुणी असेल तर पुढच्या बैठकीला एक कोरी वही आणि पेन्सिल घेऊन या. जिलेबी कशी काढून घ्यायची, काय काय बघून लिहायचं, ते आमच्यातल्या कुणीतरी येऊन दाखवेल. आशाताईंनाही बोलवा. ज्यांना चारचौघांत नको असेल त्यांनी बैठक संपल्यावर थांबावं, दार लोटून घेऊ. नमस्कार.